नुसतं 'आय फाईव्ह' छापू नका, पुढचा नंबरही छापा

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या पेपरात तिसऱ्या पानावर पाव पान जाहिरात आलीय, पाडवा धमाका, 'आय फाईव्ह लॅपटॉप १९,९९९ पासून, अभ्यास, ऑफिस, गेमिंग सगळ्याला चालतो', आणि खाली लॅपटॉपच्या फोटोत मोटारींची रेस चाललेली. ती वाचल्यापासून डोक्यातून जाईना म्हणून हे लिहायला बसले. कारण मागच्या पाडव्याला अशीच एक जाहिरात, दुकान दुसरं पण शब्द जवळजवळ तेच, मी कात्रीनं कापून पर्समध्ये ठेवली होती आणि त्या कागदाच्या भरवशावर २१,५०० रुपये मोजून आले होते.

मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते, चौदा वर्षं झाली. म्हणजे कॉम्प्युटर रोजच्या हाताखालचा, पण टॅली आणि एक्सेल सोडून आत काय असतं ते बघायची वेळ कधी आली नव्हती. पोराची बारावीची परीक्षा झालेली, पुढं बीसीएला जायचं ठरलेलं. त्याचं म्हणणं एवढंच की आई, कोडिंगला चालला पाहिजे, कॉलेजचे प्रोजेक्ट झाले पाहिजेत आणि रात्री मित्रांबरोबर तासभर गेम खेळता आली पाहिजे, भारीतला गेमिंग लॅपटॉप नकोच. मला ते पटलं, दिवसभर अभ्यास करणाऱ्या पोरानं तासभर खेळलं तर काय बिघडलं. दुकानात विचारलं तर सेल्समन म्हणाला, 'ताई, डोळे झाकून न्या, आय फाईव्ह आहे, आठ जीबी रॅम आहे, गेम पळतील.' बिलावरही तेच लिहिलं, 'आय फाईव्ह लॅपटॉप, ८ जीबी, २५६ एसएसडी, १ नग'. मी पण वाचलं, बरोबर आहे म्हणलं आणि सही केली.

पहिल्या आठवड्यातच कळलं की काहीतरी गडबड आहे. ब्राउझरमध्ये चार-पाच पानं उघडली की पंखा जोरात सुरू, चार्जर काढला की पाऊण तासात बॅटरी लाल, आणि पोरगा जी वॅलोरंट नावाची गेम खेळतो ती विंडोज ११ वर चालवायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या लॅपटॉपमधल्या दोन सुरक्षेच्या सोयी चालू लागतात, त्या यात काही केल्या चालू होईनात. एका दुपारी पुसायला म्हणून उलटा केला तर खाली कुठल्यातरी ऑफिसचं स्टिकर ब्लेडनं खरवडून काढल्याची चौकोनी खूण, अर्धा बारकोड तसाच चिकटलेला, आणि हात टेकतो तिथलं प्लास्टिक घासून घासून चकचकीत झालेलं. चार्जर तर वेगळ्याच कंपनीचा होता.

भाचा पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, त्याला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, 'मावशी, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप तिन्ही बटणं एकदम दाब.' दाबली, टास्क मॅनेजर उघडला, त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात प्रोसेसरचं, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूचं, पूर्ण नाव आलं, आय फाईव्ह ६३००यू, २.४० गिगाहर्ट्झ. खाली कोअर, म्हणजे त्या मेंदूतले काम करणारे भाग, दोन. भाचा जरा वेळ गप्पच बसला. मग म्हणाला, 'मावशी, हा सहाव्या पिढीचा आहे गं, २०१५ सालचा.'

साहेब, ही एवढी एक ओळ मला दुकानात कुणी सांगितली असती तर पुढचं काहीच झालं नसतं, म्हणून ती नीट समजावून सांगते, माझ्यासारख्या अजून कितीतरी आया-बाप आपला पेपर वाचतात.

आय थ्री, आय फाईव्ह, आय सेव्हन ही प्रोसेसरच्या नुसत्या दर्जाची नावं आहेत. इंटेल कंपनी आय फाईव्ह हे नाव २००९ पासून वापरतेय आणि दरवर्षी-दीडवर्षाला त्याची नवी पिढी येत गेली. खरी गोष्ट पुढच्या नंबरात असते. ६३०० म्हणजे सहावी पिढी, ८२५० म्हणजे आठवी, १२३५ म्हणजे बारावी. त्यामुळे जुना आय फाईव्ह नव्या आय थ्रीपेक्षा कितीतरी हळू असू शकतो. आमच्या दुकानात साधा आय थ्री १२१५यू वाला लॅपटॉप आहे, त्यात कोअर सहा आहेत, आणि माझ्या 'मोठ्या' आय फाईव्हमध्ये दोन. एकच एक्सेलची फाईल, गेल्या तीन वर्षांच्या आवकेची, मी दोन्हीकडं उघडून बघितली, दुकानातल्या लॅपटॉपवर बोलता बोलता उघडली आणि घरच्यावर मी उठून गॅस बारीक करून आले तरी चक्र फिरतच होतं.

आणि विंडोजचं वेगळंच. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची यादी दिलीय. माझ्या लॅपटॉपवर कुणीतरी आडवाटेनं विंडोज ११ घालून दिलेलं. परत विंडोज १० घालावं तर त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार हे आधीच जाहीर झालेलं, आणि झालेही. म्हणजे तीन वर्षांच्या कोर्ससाठी जी वस्तू घेतली तिचं आयुष्य कोर्स सुरू व्हायच्या आधीच संपत आलेलं.

दुकानात परत गेले तेव्हा मालक आवाज न चढवता म्हणाले, 'अहो ताई, जाहिरातीत आय फाईव्ह, बिलावर आय फाईव्ह, दिलाय पण आय फाईव्हच, खोटं काय बोललो सांगा.' आणि खरंच, शब्द धरून बसलं तर खोटं काहीच नव्हतं. तेच मला जास्त लागलं.

आमच्या यार्डात असं चालत नाही हो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाव देशभर आहे, पण सौद्याला उभा राहिलेला व्यापारी नुसत्या 'राजापुरी' या नावावर बोली लावत नाही. तो ढिगात हात घालतो, एक कांडी उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो, मग आकडा बोलतो. गेल्या वर्षीचा माल असेल तर जुना माल म्हणूनच विकला जातो, त्याला भाव कमी मिळतो पण गिऱ्हाईक मिळतं, आणि कुणाला वाईट वाटत नाही. लॅपटॉपचंही मी तेच म्हणतेय. जुना, ऑफिसातून निघालेला, साफसूफ केलेला लॅपटॉप विकणं यात गैर काहीच नाही, नुसतं टायपिंग आणि ऑनलाईन फॉर्म भरायला तो बारा-पंधरा हजारांत मिळाला तर गरिबाच्या पोराला उपयोगीच आहे. पण तो जुना आहे हे आधी सांगा आणि कांडी मोडून दाखवा.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला फोन केला, तक्रार नोंदवली, जाहिरातीचं कात्रण आणि बिलाचा फोटो पाठवला. तीन आठवड्यांनी दुकानदारानं दोन हजार कापून बाकीचे परत दिले. (एक सांगते, बिल आल्या आल्या त्याचा फोटो काढून ठेवा. २०१९ च्या पुरात आमच्या घरातले सगळे कागद गेले तेव्हापासून ही सवय लागलीय आणि इथं तीच कामाला आली.) नुकसान दोन हजाराचं, पण पोराचा महिना-सव्वा महिना गेला.

दुसऱ्या वेळी भाचा रजा टाकून आला आणि आम्ही तिघं दुकानं फिरलो. बजेट ताणून चाळीस केलं. तिथं दुसरा धडा मिळाला तो रायझनचा, इंटेलसारखीच प्रोसेसर बनवणारी एएमडी कंपनी आहे तिच्या प्रोसेसरचा. एकाच काचेत दोन लॅपटॉप, दोन्हीवर 'रायझन ५, ७००० सिरीज' असं स्टिकर, किमतीत चार हजाराचा फरक. सेल्समन म्हणाला दोन्ही सारखेच आहेत, स्वस्त न्या. भाच्यानं पूर्ण नंबर विचारला, एक ७५२०यू आणि दुसरा ७५३०यू. यात तिसरा आकडा बघायचा असतो, तो आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२० मध्ये २, म्हणजे जुनी रचना, कोअर चार. ७५३० मध्ये ३, म्हणजे त्यानंतरची, कोअर सहा, आणि गेमसाठी आत जे ग्राफिक्स असतं तेही बरंच दमदार. शिवाय ७५२० वाल्यात रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, आठ घेतली तर जन्मभर आठच. एका आकड्याचा फरक आणि साडेतीन-चार वर्षांचा फैसला. मालाला नावं ठेवत नाही मी, ७५२० पण नुसत्या अभ्यासाला चालून जाईल, पण ज्याला गेम खेळायचीय त्याला 'दोन्ही सारखेच' म्हणणं बरोबर नाही.

आम्ही ७५३०यू घेतला, ३८,५०० ला. ८ जीबी रॅम आणि एक खाच रिकामी होती. भाच्यानं तिथंच १,८०० ची दुसरी ८ जीबीची पट्टी घालायला लावली. मला वाटलं उगीच खर्च. पण साध्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक कार्ड नसतं, प्रोसेसरमधलं ग्राफिक्सच रॅममधली जागा वापरतं, आणि रॅमची एकच पट्टी असली की येणं-जाणं एकाच वाटेनं, दोन असल्या की दोन वाटा, त्यामुळे गेममध्ये फरक चांगलाच पडतो. इंटेलमध्ये तर हे नावातच दिसतं, अकराव्या-बाराव्या पिढीच्या बऱ्याच आय फाईव्हवर 'आयरिस एक्सई' असं ग्राफिक्सचं नाव छापतात, पण रॅम एकाच वाटेची असेल तर विंडोज तेच ग्राफिक्स नुसतं 'यूएचडी' म्हणून दाखवतं. जाहिरातीत आयरिस, घरी आणल्यावर यूएचडी. म्हणून दुकानात रॅम किती एवढंच नको, पट्ट्या किती आणि खाच रिकामी आहे का हेही विचारा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, त्यामुळे आता आठ जीबीवरच भागवायचा कल वाढणार, आणि नंतर घालू म्हणणाऱ्याला खाचच नाही असं व्हायला नको.

सेटिंग लो ठेवून वॅलोरंट नीट चालते, माइनक्राफ्ट चालते, जुनी जीटीए पण पोरगा खेळतो. नव्या मोठ्या गेम चालत नाहीत आणि त्या चालतील असं आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं. तशा पाहिजे असतील तर आरटीएक्स ३०५० सारखं वेगळं कार्ड लागतं, मग बजेट साठ हजाराच्या घरात जातं, वजन दोन किलोच्या वर, चार्जरच विटेएवढा, आणि बॅटरी कॉलेजात दिवसभर पुरत नाही. रोज बसनं जाणाऱ्या पोराला ते ओझंच. हलकी गेम आणि भारी गेम हा फरक दुकानदारानं सांगायला पाहिजे, जाहिरातीतल्या एका 'गेमिंग' शब्दात दोन्ही कोंबायचं नाही.

बाकी किरकोळ दोन-तीन गोष्टी. फायली साठवायच्या जागेला ईएमएमसी असं लिहिलेलं असेल तर ती एसएसडी नव्हे, हळू असते, ६४ जीबीची तर विंडोजनंच भरत येते. 'ऑफिस फ्री' म्हणतात तेव्हा ते कायमचं की एक वर्षाचं हे विचारा, आणि चोरीचं घालून घेण्यापेक्षा लिब्रे ऑफिस फुकट आहे, मराठीतून पण वापरता येतं. नो कॉस्ट ईएमआय म्हणतात तिथं रोखीची सूट जाते आणि प्रोसेसिंग फी लागते, दोन्ही आकडे कागदावर मांडून बघा. सिरीयल नंबर कंपनीच्या साईटवर टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली ते कळतं, नवा म्हणून दिलेल्याची वॉरंटी आठ महिन्यांपूर्वीच सुरू झालेली असली तर तिथंच थांबा. जुना घेत असाल तर बॅटरी रिपोर्ट काढायला लावा, कारखान्यातून निघताना किती चार्ज धरायची आणि आता किती धरते ते दोन्ही आकडे शेजारी शेजारी येतात, माझ्या त्या पहिल्या लॅपटॉपचे बघितले तेव्हा निम्म्याच्या खाली होते. आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो, तेव्हा लॅपटॉप गादीवर ठेवून गेम खेळू देऊ नका, खालची जाळी बंद होते, तापला की आपोआप हळू होतो आणि मग पोरं म्हणतात लॅपटॉप खराब निघाला.

आता मुद्द्याचं, ज्याच्यासाठी पत्र आहे. साहेब, आपल्या पेपरात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलेलं असतं की जाहिरातीतल्या दाव्यांची वाचकांनी स्वतः खात्री करावी, पेपर जबाबदार नाही. मी ते मान्य करते, प्रत्येक जाहिरात तपासायला माणसं कुठून आणायची. पण खात्री करायला हातात काहीतरी पाहिजे की नको? जाहिरातीत नंबरच नसेल तर वाचकानं खात्री कशाची करायची? फ्लॅटच्या जाहिरातीचं बघा, महारेराचा नंबर असल्याशिवाय जाहिरात करता येत नाही, ऑगस्ट २०२३ पासून तर क्यूआर कोड पण द्यावा लागतो, आणि ती जाहिरात आपल्याच पेपरात रोज नीट छापून येते. नंबर आहे म्हणून माणूस घरबसल्या बघू शकतो. तसं लॅपटॉपच्या जाहिरातीला प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम किती, एसएसडी की दुसरं काही, माल नवा की वापरलेला आणि वॉरंटी कुणाची किती महिन्यांची, एवढं लिहिल्याशिवाय आपल्या जाहिरात खात्यानं मजकूर घेऊ नये. एक ओळ जास्त लागेल. दुकानदाराला हे सगळं माहीत असतंच, नवा असेल तर खोक्यावर छापलेलं असतं.

हे मी मनचं सांगत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नियम काढलेत, त्यात साफ लिहिलंय की अटी-शर्तींची तळटीप ज्या भाषेत दावा केलाय त्याच भाषेत आणि तशाच अक्षरात पाहिजे. आणि आपल्या त्या रविवारच्या जाहिरातीत 'आय फाईव्ह १९,९९९' मराठीत बोटाएवढ्या अक्षरात, आणि खाली एक चांदणी काढून मुंगीएवढ्या इंग्रजीत एक ओळ. मी आमच्या दुकानातलं हळदीचा दाणा बघायचं भिंग लावून वाचली. त्यात 'रिफर्बिश्ड' हा शब्द होता. साहेब, आमच्या गल्लीतल्या किती बायकांना तो शब्द वाचता येईल आणि वाचला तरी त्याचा अर्थ कळेल? 'वापरलेला' हा मराठी शब्द आहे की, सगळ्यांना कळतो, तोच मोठ्या अक्षरात छापा.

जे इमानदार दुकानदार आहेत त्यांचंही यात भलंच आहे. आम्हाला दुसरा लॅपटॉप दिला त्या माणसानं स्वतःहून खोकं पुढं सरकवलं, नंबर वाचून दाखवला, लॅपटॉप चालू करून टास्क मॅनेजर उघडला आणि म्हणाला, 'मॅडम, बघून घ्या, मगच पैसे द्या.' त्याची जाहिरात आपल्या पेपरात कधी दिसली नाही. दिली तरी त्याचे ३८,५०० त्या १९,९९९ च्या शेजारी महागच दिसणार, कारण पुढचा नंबर कुणी छापतच नाही.

अजून एक भीती वाटते. इंटेलनं नव्या लॅपटॉपवर 'आय' अक्षर काढून टाकायला सुरुवात केलीय, २०२४ पासून नुसतं 'कोअर ५', 'कोअर ७' असं येतंय. म्हणजे आता नवा माल 'आय' शिवाय आणि 'आय फाईव्ह' लिहिलेल्यात जुना मालच जास्त, असं होत जाणार. आणि आपल्या लोकांच्या डोक्यात तर 'आय फाईव्ह म्हणजे भारी' हेच पक्कं बसलंय. जूनमध्ये कॉलेजचे प्रवेश सुरू होतील तेव्हा गर्दी याच नावावर होईल, म्हणून जाहिरातीचा नियम त्याच्या आत केला तर उपयोग.

हे पत्र त्या दुसऱ्या लॅपटॉपवरच टाईप करतेय, विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड असतो तो पोरानं चालू करून दिला.

लिहायला आत्ताच का बसले तेही सांगते. आमच्या शेजारची एक बाई कुपवाडला एमआयडीसीत कामाला जाते, तिच्या मुलीनं डिप्लोमाला नाव घातलंय. काल रात्री ती आपल्या पेपरातलं तेच कात्रण घेऊन आली, चार घड्या घातलेलं, आणि म्हणाली, 'वैनी, भिशीचे वीस हजार आलेत, एवढ्यात बसतोय बघा, तुमच्या लेकाला विचारा की चांगला आहे का.' पोरानं कात्रण हातात घेतलं, मागून पुढून बघितलं आणि म्हणाला, 'काकू, यात बघण्यासारखं काही लिहिलंच नाही.' उद्या संध्याकाळी दुकान सुटल्यावर मी तिच्याबरोबर जाणार आहे. तिथं प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय सांगतात आणि बिलावर तो लिहून देतात की नाही, ते आपल्याला कळवते.

आपली नियमित वाचक,
एक आई, विश्रामबाग, सांगली